आईचा आकडा

ती. दादास,

सा. न. (साष्टांग घालावा तर या खोलीत जमिनीवर सध्या तेवढी जागा नाही, सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी आहेत. तेव्हा अर्धा नमस्कार आत्ता, उरलेला तू आल्यावर.) तुझी मान कशी आहे? पट्टा लावतोस, की दाराच्या खुंटीला लावून ठेवला आहेस? वहिनीला मी विचारलं म्हणून सांग. तिचा घसा आता सुटला असेल अशी आशा आहे. मागच्या वेळी फोनवर ती बोलत होती की पंखा घरघरत होता हे मला ओळखता आलं नव्हतं, आणि माझी तर नोकरीच लोकांचे कान तपासायची आहे.

आईची तब्येत उत्तम आहे. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिते आहे, कारण आत्यानं तुझे कान भरल्याचं मला समजलं आहे. आत्या मागच्या आठवड्यात येऊन गेली. मी कामावर होते. दोघी चहा घेत बसल्या असताना आई तीनतीनदा टॅबलेट उघडून बघत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, ‘आज तरी माझा आकडा येतो की नाही देव जाणे.’ आत्यानं कप खाली ठेवला. मग आई म्हणाली की पहिले दोन आकडे वाया गेले, पण आता चांगल्या माणसाकडे लावलाय. एवढं ऐकल्यावर आत्या चप्पल घालायलाही धड थांबली नसावी, कारण तिची एक चप्पल आणि माझी एक अशी जोडी तिच्या पायात गेली. (तिची इथेच आहे. तिला सांग.) जिन्यातूनच तिनं तुला फोन केला की बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही, ती जुगाराचे आकडे लावते आणि लेक कानांत बोळे घालून बसली आहे. दुसऱ्या दिवशी मला फोन करून, तू आईला न्यायला येणार हेही तिनंच सांगितलं. आणि काल तुझा निरोप: ‘पुढच्या शनिवारी येतो. बोलायचंय. आईला आत्ता काही सांगू नको.’

दादा, फोनवर बोलायला लागले की तू ‘बरं, मग?’ म्हणतोस आणि मग मी पुढचं विसरते. म्हणून हे पत्र लिहून कुरियरनं पाठवते आहे. ते सबंध वाच. मध्येच मान अवघडली तर उताणा होऊन वाच.

तर आकडा म्हणजे अस्वल.

आता नीट पहिल्यापासून सांगते. बाबांचं चष्म्याचं दुकान विकलं, आई तिथल्या खोक्यांसकट माझ्या या दोन खोल्यांत आली, तेव्हाचे तिचे दिवस तू पाहिलेले नाहीत. (हा टोमणा नाही. म्हणजे थोडा आहे.) सकाळी मी निघताना ती खिडकीशेजारच्या खुर्चीत बसलेली असे आणि संध्याकाळी परत आल्यावर त्याच खुर्चीत, फक्त ऊन भिंतीवरून सरकलेलं. जन्मभर दुकानाच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई. लोकांच्या कानामागे चष्म्याच्या काड्या बसवून दिल्या, वाकड्या सरळ केल्या, बारीक स्क्रू पिळले, आणि आता तिच्या हातांना काही कामच नाही. मी काही विचारलं तर म्हणायची, ‘मी उगाच तुझी जागा अडवते.’ हे वाक्य ती इतक्या सहज म्हणायची, जसं एखादी बाई म्हणते की दूध संपलंय.

मग एकदा मी तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे एका मुलीच्या हातात तिच्या वडिलांचा फोन होता आणि फोनवर जपानी खेळण्यांची चित्रं. दुकानदार प्राण्यांचा एक संच आहे. पाणमांजर मासे विकतं, ससा कात्री घेऊन शिंपीकाम करतो, बगळा पोस्टात बसतो. आणि अस्वल चष्मे विकतं. दादा, ते अस्वल मी तुला शब्दांत कसं दाखवू? चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, त्याच्यावरून ते समोर बघतंय आणि एक हात असा पुढे, हातात एक भिंग. बाबा काचा बदलून बदलून गिऱ्हाइकाला विचारायचे ना, ‘हे बरं? की... हे बरं?’, अगदी त्या दोन ‘हे बरं’च्या मधला क्षण. आई त्या मुलीच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. आत बोलावलं तरी उठेना. शेवटी तोंडात भूल दिलेल्या अवस्थेत तिनं मला विचारलं, ‘हे कुठ मिअतं?’

कुठे मिळतं, हा प्रश्न साधा नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अशा खेळण्यांना लोक फिगर म्हणतात. आईला तो शब्द उच्चारायला संकोच वाटतो. (‘माझी फिगर कधी येणार असं मी शेजारणीला कसं सांगू?’ हा तिचा प्रश्न रास्त आहे.) पण जपानी दुकानांची पानं टॅबलेट आपोआप मराठीत करून दाखवतो आणि त्या यंत्रानं फिगरचं भाषांतर ‘आकडा’ असं केलं आहे. ‘अस्सल जपानी आकडे.’ ‘नवीन आकडा आला!’ ‘हा आकडा पंधरा वर्षांखालील मुलांसाठी नाही.’ आईला शब्द आवडला. सुटसुटीत आहे म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात आकडेच आहेत. बिचाऱ्या आत्याचा काही दोष नाही.

पहिलं दुकान मी निवडलं, कारण तिथे सगळ्यात मोठी अक्षरं होती. पानाच्या डोक्यावर एक घड्याळ उलटं पळत होतं आणि खाली गिऱ्हाइकांचे शेरे, सगळे एकाच माणसानं एका बैठकीत लिहिल्यासारखे: ‘फार चांगले माल आनंद.’ मी घड्याळाला घाबरून घाईघाईनं मागणी नोंदवली. आलं ते अस्वल होतं, असं आपण समजू. चष्मा कपाळावर रंगवलेला, एक डोळा गालाकडे निघालेला, आणि वास असा की खिडकी उघडून ठेवली तर खालचे वॉचमन वर विचारायला आले, रंगकाम काढलंय का. आईनं बाबांचं भिंग डोळ्याला लावून त्याला सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, ‘याला नंबर लागलेला नाही. याला मार लागलाय.’ पण टाकून दिलं नाही. ‘कुणाचं तरी लेकरू आहे,’ म्हणून ते न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं आहे. रोज सकाळी तोंड धुताना ते माझ्याकडे आणि नळाकडे एकाच वेळी बघतं.

दुसरं दुकान आईनं निवडलं. ते खरं, मान्यताप्राप्त, थेट कंपनीकडून माल घेणारं. पण तिथे हवा तो प्राणी निवडता येत नाही. बंद डब्या घ्यायच्या, आत जे निघेल ते आपलं. शिवाय डब्या पुढच्या वर्षी येणार आणि पैसे आज भरायचे, यालाच आगाऊ नोंदणी म्हणतात. आईनं दुकानाला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, यंत्रानं ते जपानीत केलं. काय लिहिलं ते पत्र गेल्यावरच मी वाचलं: ‘चिरंजीव दुकानदारास अनेक आशीर्वाद. मी वयस्कर बाई आहे. पुढच्या वर्षाचं मला सांगू नये. अस्वल लवकर पाठवावं.’ चारच दिवसांत उत्तर आलं, अतिशय नम्र. ‘आदरणीय ग्राहक, आपल्या वयाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. असे पुन्हा होणार नाही याची काळजी घेऊ.’

दादा, आई हसली. ओठ ताणून हसणं नव्हे. खुर्चीच्या हातांना धरून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ‘असं पुन्हा होणार नाही म्हणतात गं!’ असं म्हणायची आणि पुन्हा सुरू. मी हातात धुतलेली पातेली घेऊन दारात उभी होते. बाबा गेल्यानंतर हा आवाज घरात पहिल्यांदा आला. दिवसभर मी लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवत असते आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणत असते. त्या दिवशी माझं मलाच बोट वर करावंसं वाटलं.

दिलगिरी म्हणून त्यांनी शिल्लक मालातल्या तीन डब्या आधी पाठवल्या. त्या यायच्या आधी आईनं वर्णनात ‘उंची साठ’ एवढंच वाचलं आणि पुढचं मिलिमीटर तिच्या नजरेतून निसटलं. (चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईच्या! पण हे तिला म्हणू नकोस.) साठ म्हणजे सेंटिमीटर, म्हणजे चार महिन्यांचं बाळ, असा हिशोब करून तिनं टीव्ही शेजारणीला देऊन टाकला, त्याखालचं कपाट पुसलं, आणि अस्वल थंड देशातून येतंय म्हणून त्याच्यासाठी मफलर विणला. खोकं खरोखरच बाळाएवढं आलं. आत कागद, कागदाखाली फुगे, फुग्यांखाली आणखी एक खोकं, आणि त्याच्या तळाशी अंगठ्याएवढ्या तीन डब्या. उघडल्या. पाणमांजर. पुन्हा पाणमांजर. तिसऱ्यातून पाणमांजरच, फक्त त्याच्या हातातला मासा उलटा. आई म्हणाली, ‘मासळीबाजार भरला. चष्मेवाल्याचा पत्ता नाही.’ तिन्ही पाणमांजरं आता बाबांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत, आतल्या मखमलीवर एका ओळीत झोपतात.

टीव्हीविना आमचं छान चाललं आहे, कारण आता संध्याकाळी आम्ही दुकानं बघतो. आईनं त्यातली चांगली पारखायचं एक तंत्र बसवलं आहे. मी आल्यावर ती खुर्ची माझ्याकडे वळवते, टॅबलेट समोर धरते, एक पान दाखवते, मग दुसरं, आणि विचारते, ‘हे बरं? की... हे बरं?’ मी घाईनं एक म्हटलं की ती दुसऱ्याचे गुण सांगते. परतीचा पत्ता आहे का, तक्रारीला उत्तर कोण देतं, फोटो स्वतः काढलेत की उचललेत, हे सगळं ती तपासते. पण तिची खरी कसोटी एकच. दुकानदार आपल्या मालातली खोट सांगतो का? ‘जो म्हणेल यात काही खोट नाही,’ ती म्हणते, ‘त्याच्याकडून काडीसुद्धा घेऊ नकोस.’

अशानं आम्हाला तिसरं दुकान सापडलं. जुन्या, वापरलेल्या खेळण्यांचं. ते परदेशात थेट माल पाठवत नाही, मध्ये एक मध्यस्थ असतो आणि मालाचा लिलाव होतो. तिथे आपलं अस्वल होतं. खालचं वर्णन आईनं तोंडपाठ केलं आहे: ‘वापरलेला आकडा. पेटीचे वय झाले आहे. नाकावर किंचित दुःख. चष्मा हलतो परंतु पडत नाही. पूर्वीचा मालक धूम्रपान करत नव्हता, घरी मांजर होती.’ यंत्राला ओरखडा म्हणायचं असावं, त्यानं दुःख म्हटलं. आईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाली, ‘माणसाची चौकशी केली तरी इतकं खरं कुणी सांगत नाही.’ मग टॅबलेट मिटून म्हणाली, जाऊ दे, लिलाव बिलाव आपल्याला झेपायचे नाहीत.

तिचा पडलेला चेहरा बघून मी ठरवलं की आपण गुपचूप बोली लावायची. मी ‘गोगलगाय’ नाव घेतलं. लिलाव दुपारी संपत होता. मी कामावर, बाहेरचा आवाज आत जाऊ नये अशा त्या छोट्या खोलीबाहेर बसलेली, आत काचेपलीकडे एक निवृत्त बँडमास्तर कानांवर हेडफोन लावून बसलेले. मी एका हातानं आवाज सोडत होते आणि दुसऱ्या हातानं बोली. आणि कुणी ‘आजीबाई’ नावाची बया होती, मी वर गेले की तीही वर! मला इतका संताप आला की माझ्या तोंडून जे निघालं ते माइकमधून थेट बँडमास्तरांच्या कानात गेलं. त्यांनी बोट वर केलं. एवढ्यात आईचा निरोप आला, ‘तुला सांगितलं नाही पण मी लिलावात आहे. कुणी गोगलगाय म्हणून मेली आडवी आली आहे. इतकी हावरट बाई मी जन्मात पाहिली नाही.’

आम्ही मायलेकी एकमेकींची किंमत चढवत बसलो होतो, दादा. आणि लावलेली बोली मागे घ्यायला बटणच नाही. मी हात आखडला, तोवर तिसराच कुणी उपटला आणि शेवटच्या क्षणी अस्वल घेऊन गेला. नाव इंग्रजी अक्षरांत होतं, आईनं ते ‘धापान्या’ असं वाचलं. घरी गेले तर मला वाटलं, ती पुन्हा खिडकीशेजारी हात मांडीवर टाकून बसली असेल. तर ती ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती, गुणगुणत. मी गोगलगाय असल्याचं काही बोलले नाही. तिनंही हळहळ केली नाही. फक्त म्हणाली, ‘धापान्या. टोकियोतलाच कुणीतरी. घरंदाज वाटतो. जाऊ दे, चांगल्या घरी पडलं.’ तरी दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा टॅबलेट उघडून ‘आज येतो का आकडा’ म्हणते आहे. म्हणजे आशा सोडलेली नाही. आत्यानं ऐकलं ते हेच.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे लिफ्ट आहे, वेगळी खोली आहे, खाली डॉक्टर बसतो. माझ्याकडे दोन खोल्या, त्यातल्या एकीत खोकी, आणि जिना. तू तिला नेतो म्हणालास तर तुझं चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. पण मी घरात पाऊल टाकते तेव्हा आतून ‘आलीस? हे बघ, हे बरं की हे?’ असं ऐकू येतं. काय बरं ते मला कधीच सांगता येत नाही, पण विचारणारं कुणी आहे हे बरं वाटतं. आणि तिच्या तोंडून जागा अडवण्याचं वाक्य बऱ्याच दिवसांत निघालेलं नाही, उलट जागा अपुरी पडते अशी तिची तक्रार आहे. एवढं लक्षात घे. बाकी तू मोठा आहेस.

वहिनीला नमस्कार. मानेला जप.

तुझी धाकटी

ता. क. – अस्वलाचा मफलर मी वापरते आहे. मला तोकडा पडतो. आई म्हणते, तो तुझ्या मानेसाठी बरा होईल, पट्ट्यावरून गुंडाळता येईल. तुझ्यासाठी धुऊन ठेवते.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आधी सगळं पुन्हा वाचलं आणि ‘धापान्या’पाशी अडखळले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मोठ्यानं वाचलं. दादा, टोकियोत घरंदाज माणसं पुष्कळ असतील, पण त्यांच्यातला एकही स्वतःला ‘ढापण्या’ म्हणवून घेणार नाही! शाळेतली सगळी मुलं तुला चष्म्यावरून हे नाव घेऊन चिडवायची आणि तू रडत दुकानात येऊन काउंटरखाली बसायचास. आई तुला रोज त्या आकड्यांचे आणि दुकानांच्या पानांचे फोटो पाठवते, तू कधी उत्तर देत नाहीस, म्हणून मी समजत होते की तू उघडतही नाहीस. तुझा निरोपही आता पुन्हा वाचला. ‘आईला आत्ता काही सांगू नको.’ तो मी कसा वाचायला हवा होता ते आत्ता कळतंय, पण पूर्ण खात्री नाही, म्हणून वर लिहिलेलं काही खोडत नाही आणि सरळच मागते. येताना अस्वल घेऊन ये. जाताना आईला नेऊ नकोस.

ता. क. तिसरा – (हे अक्षर आईचं आहे. मी डिंक आणायला आत गेले होते.)

चि. ढापण्यास अनेक आशीर्वाद. तुझं नाव मी बघताक्षणी ओळखलं, म्हणून तर हात आखडता घेतला. नाहीतर माझ्यापुढे तू काय टिकणार होतास? गोगलगाय तर मला पहिल्या बोलीपासून माहीत होती, लहानपणापासून ही दप्तरावर हेच चित्र काढायची. मला न्यायचंय की नाही ते तुम्ही दोघं मला विचाराल तेव्हा सांगीन. तोवर बॅग तू तुझी भर आणि चार दिवस राहायच्या बोलीनं ये, खोकी हलवायला माणूस हवाच आहे. आणि अस्वलाचा चष्मा हलतो असं लिहिलं होतं. तू हात लावू नकोस. घट्ट करायला जाशील आणि तोडशील. बारका स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.